चाळीस पावलं

अ‍ॅशबर्नच्या आमच्या घरामागे ओकची तीन झाडं आहेत. नोव्हेंबर लागला की आठ-दहा दिवसांत ती पानं टाकून मोकळी होतात, आणि ती पानं दाताळ्यानं ओढून कडेला लावणं हे निवृत्तीपासून माझं काम आहे. यंदा मी दाताळं हातात घेतलेलं नाही. पानं तशीच पडून आहेत, तपकिरी, चामड्यासारखी, सकाळच्या हिमानं कडेला पांढरी झालेली. सुमन, माझी बायको, दोनदा म्हणाली, "अहो, शेजारचे काय म्हणतील?" मी हो म्हणालो आणि खिडकीशीच बसून राहिलो. ओकचं पालथं पडलेलं पान दिसलं की ते उलटून बघावंसं वाटतं, आणि बघायची भीतीही वाटते. चार वर्षं हे असंच चाललं आहे.

हंगाम आल्याचं मला पानांच्याही आधी पार्किंगमध्ये कळतं. किराणा दुकानासमोर चिखलानं माखलेले पिकअप ट्रक दिसायला लागतात. त्यांच्या डॅशबोर्डवर भडक नारिंगी टोप्या पडलेल्या असतात. हरणांच्या शिकारीचा हंगाम. यंदा तो उद्या, शनिवारी, उघडतो आहे. आणि उद्याच आमच्या मराठी मंडळाची दिवाळीही आहे. पंचांगातली दिवाळी होऊन दोन-अडीच आठवडे झाले. पण इथे परदेशात दिवाळी पंचांगाप्रमाणे येत नाही, शाळेचा हॉल मिळतो तेव्हा येते. दोन हजार चार साली हे दोन दिवस असेच एकावर एक आले होते. त्या शनिवारी मी एक गोष्ट केली आणि ती दुसऱ्या माणसाच्या नावावर लागली. तो माणूस या एप्रिलमध्ये गेला.

मी आयुष्यभर धातू तोडायचं काम केलं. प्रयोगशाळेत पोलादाचा नमुना यंत्रात धरायचा, तुटेपर्यंत ताणायचा, आणि मग भिंगाखाली तुटलेलं तोंड बघून लिहायचं, की चीर कुठून सुरू झाली. पूल, क्रेन, लिफ्टचे दोर. तीस वर्षं असले अहवाल लिहिले. कुणाच्या दबावाखाली एकही ओळ बदलली नाही याचा मला अभिमान होता. तोंडावर कुणी स्तुती केली तर मी म्हणायचो, "धातू खोटं बोलत नाही, आपण फक्त लिहून घ्यायचं." किती सहज म्हणायचो!

वेंडल त्याच प्रयोगशाळेच्या यंत्रशाळेत होता. मी जे नमुने तोडत असे ते लेथवर कातून देणारा. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, उंच, हाडकुळा, बोलायला कंजूष. निवृत्त झाल्यावर तो इथून अडीच तासांवर, पश्चिमेच्या डोंगरातल्या एका दरीत, आपल्या वडिलांच्या घरी जाऊन राहिला. बायको आधीच गेलेली. मुलगी पॅटी तीन मैलांवर. दोन हजार एकच्या उन्हाळ्यात मी निवृत्त झालो, आणि त्या ऑक्टोबरमध्ये त्यानं मला दोन दिवस राहायला बोलावलं.

जुळे मनोरे पडून महिनाच झालेला; तो ऑक्टोबर कसला होता हे सांगायला नको. आमच्या रंगाच्या माणसाला पेट्रोल भरायला गाडीतून उतरतानाही विचार करावा लागे. दरीत एकच दुकान होतं. पुढे ब्रेड-दूध, मागे काडतुसं, मधे कॉफीचा काउंटर. आम्ही आत शिरलो तसे काउंटरवरचे चार-पाच जण गप्प झाले. वेंडलनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हा श्री. पंचवीस वर्षं आम्ही एकत्र काम केलंय. चांगला माणूस आहे. पण त्याला माझ्याआधी कॉफी दिलीत तर मी रागावेन."

कुणीतरी हसलं. त्या हसण्याच्या फटीतून मी त्या दुकानात शिरलो. पुढच्या तीन वर्षांत त्या लोकांना माझं नाव म्हणता यायला लागलं, माझ्या गुडघ्याची चौकशी व्हायला लागली. पण ती जागा मला कुणीतरी हाताला धरून दिलेली होती, आणि ती कधीही जाईल ही भीती मला शेवटपर्यंत होती. ही सबब म्हणून सांगत नाही. चीर कुठून सुरू झाली ते लिहायचं, तर इथून लिहावं लागेल.

वेंडल रायफल वापरत नसे. त्याच्याकडे दोन रिव्हॉल्व्हर होती, एकाच जातीची, चव्वेचाळीस मॅग्नम या जाडजूड काडतुसाची, लांब नळीची. सव्वा-दीड किलोचं धूड, दोन्ही हातांत धरूनही मनगट दमवणारं. असल्या हत्यारानं हरीण मारायचं म्हणजे काय हे मला आधी कळेचना. तो म्हणाला, "रायफलला दुर्बीण लावून दोनशे पावलांवरून मारलं, तर हरणाला तुझा पत्ताही नसतो. हँडगननं मारायचं तर त्याच्या ओसरीत जाऊन बसावं लागतं. त्याला तू दिसू शकतोस, तुझा वास येऊ शकतो. दहा वेळा ते जिंकतं, एकदा तू."

त्याच्या शिकवण्यात एक कागदी प्लेट होती. सहलीला नेतात तसली साधी पांढरी प्लेट. ती फळीवर ठोकायची, दहा पावलांवरून सहा गोळ्या मारायच्या. सहाच्या सहा प्लेटीत बसल्या तर पाच पावलं मागे. परत सहा. जिथे एक जरी बाहेर गेली, तिथून पाच पावलं पुढे यायचं, आणि ते आपलं अंतर. त्याच्या पलीकडे सोन्याचं हरीण आलं तरी चाप ओढायचा नाही. प्लेट का, तर हरणाच्या छातीत काळीज आणि फुप्फुसं जेवढी जागा व्यापतात ती साधारण तेवढीच.

दोन वर्षं मी त्या प्लेटींना भोकं पाडली. पहिला बार काढला तेव्हा नळी आभाळाकडे गेली आणि कुणीतरी फळी हाणावी तसे तळवे झिणझिणले. वेंडल मागे उभा राहून म्हणाला, "छान. ढगाला लागली." हळूहळू शिकलो. झाडाला पाठ लावून बसायचं, गुडघ्यांवर कोपरं टेकायची, श्वास अर्धा सोडून थांबायचं. माझं अंतर चाळीस पावलं ठरलं. वेंडलनं त्या प्लेटीवर जाड पेन्सिलीनं चाळीसचा आकडा लिहिला, मला सही करायला लावली आणि ती शेडच्या भिंतीवर खिळ्यानं ठोकली. शेजारी त्याची स्वतःची प्लेट. तिच्यावर साठ. दर वर्षी हंगामाआधी तो स्वतःचीही परीक्षा नव्यानं घेई आणि जुनी प्लेट काढून नवी लावी.

गोळ्याही तो घरीच ओतायचा. टायरला लावायची जुनी शिशाची वजनं वितळवून. त्यात कथील किती, अँटिमनी किती, हे मी ठरवून दिलं. तेवढं तरी माझ्या शिक्षणाचं चीज झालं. साचा त्यानं स्वतः लेथवर केलेला. गोळीचं तोंड चपटं, कडेनं दोन खोल खाचा. शेडचं दार उघडं टाकून आम्ही दुपारभर गोळ्या पाडायचो. गरम शिशाचा वास, बाहेर कुठेतरी कापलेलं गवत, रेडिओवर बेसबॉल. दरीत त्या आकाराची गोळी दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

मी जाताना सुमन फराळाचा डबा द्यायची. वेंडलला चकली फार आवडे. तो तिला 'काटेरी तार' म्हणायचा. एकदा झाडाखाली बसल्या बसल्या मी चकली मोडली, तर पन्नास हात लांबून त्याचा दबका आवाज आला, "श्री, ती तार खायची तर घरी जाऊन खा. आवाज मैलभर जातो." मग दुपारी स्वतःच डबा मांडीवर घेऊन बसला आणि सात-आठ संपवल्या.

सुमनला शिकारीचं माहीत होतं. ती शाकाहारी; तिनं तीन अटी घातल्या. बंदूक या घरात यायची नाही, मांस या घरात यायचं नाही, आणि आल्यावर आधी आंघोळ. मंडळात मात्र आम्ही दोघांनीही सांगितलं नव्हतं. 'डोंगरात फिरायला जातात' एवढंच. तिकडच्या दुकानात मी शिकारी आणि इकडच्या हॉलमध्ये दुसऱ्यांदा निवडून आलेला अध्यक्ष, आणि या दोघांची गाठ पडू न देण्यात मला गंमतही वाटत असे.

दोन हजार तीनच्या नोव्हेंबरमध्ये माझं पहिलं हरीण पडलं. तीस पावलं. आधी कान हलताना दिसला, नुसता कान, मग त्याच्या नाकातून निघणारी वाफ. बार झाला, ते पंधरा-वीस उड्या मारून कोसळलं. वेंडलच्या नियमाप्रमाणे अर्धा तास जागचा हललो नाही. घाईनं मागे गेलं तर जखमी जनावर उठून आणखी लांब पळतं. मग गेलो. बरगड्यांवर हात ठेवला, ऊब होती. वेंडल शेजारी येऊन उकिडवा बसला.

"वाईट वाटतंय?"

"हो."

"वाटायचं थांबलं की रिव्हॉल्व्हर मला परत कर."

त्याच दिवशी त्यानं मला आणखी एक गोष्ट सांगितली. गोळी हुकली तर हरीण पांढरी शेपटी उभारून पळतं. लागली तर शेपटी खाली दाबून, पाठ वाकवून. "आणि लागली असेल तर ते सापडेपर्यंत घरी जायचं नाही. दोन तास, दोन दिवस. हा एकच कायदा आहे, बाकी सगळी कागदपत्रं." दुकानाच्या भिंतीवर माझा फोटो लागला, नारिंगी टोपी, चष्म्यावर वाफ. बाकीच्या फोटोंत सगळे गोरे, दाढीवाले. मी तो बघायला उगाचच ब्रेड घ्यायला जात असे.

आता ते दोन हजार चारचं.

मंडळाच्या दिवाळीला अडीचशे माणसं येणार होती. हॉलची किल्ली शाळेनं अध्यक्षाच्या नावावर दिलेली. मंदार, आमचा सेक्रेटरी, पुण्याचा, कंप्युटरवाला, उत्साही मुलगा, गुरुवारीच घरी आला होता. "काका, किल्ली माझ्याकडे देऊन ठेवा ना. तुम्ही सकाळी डोंगरात ड्राइव्ह करून जाणार, परत येताना ट्रॅफिक लागला तर सगळा प्रोग्रॅम लटकेल, यार... सॉरी, काका." मी हसून नाही म्हणालो. अध्यक्षानं दोन वाजता दार उघडायचं, हळदीकुंकवाचं तबक घेऊन बायका मागे उभ्या, असं चित्र माझ्या डोक्यात होतं. दहाला निघायचं, साडेबारापर्यंत घरी, आंघोळ, कुर्ता, दोनला दार. किल्ली मी जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवली. बसलो की ती बरगडीला टोचायची.

सकाळी थंडी कोरडी होती. उजेड व्हायच्या आधीच आम्ही आपापल्या झाडाखाली जाऊन बसलो. वेंडल उताराच्या पलीकडे. मी पावलं मोजून खुणा धरल्या होत्या: एक कुजका बुंधा, चाळीस. त्याच्या मागे बीच जातीचं राखाडी झाड, सत्तर. सात, आठ, साडेआठ. खारी पानांत एवढा गोंधळ घालतात की हरीणच आलं असं वाटावं. नऊला तो आला. मोठा नर, आठ टोकांची शिंगं. बीचच्या झाडाशी येऊन आडवा उभा राहिला. आणि तिथेच राहिला. पुढे येईना. मी नळीवरून त्याच्याकडे बघत होतो आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होतो. नऊ वाजून दहा. पंधरा. वीस.

सत्तर आहेत हे मला माहीत होतं. नेम नीट आहे असं वाटलं, त्यात माझा दोष नाही; नेम नेहमीच नीट वाटतो. पण सत्तर आहेत हे मला माहीत होतं.

मी चाप ओढला.

त्याची पाठ वाकली. शेपटी खाली. तो उताराकडे गेला, वेंडलच्या बाजूनं, धावत नव्हता, मागचा पाय ओढत होता.

अर्धा तास बसायचं. मी दहा मिनिटं बसलो असेन. मग उठून बीचच्या झाडाशी गेलो. जमिनीवर थोडे केस होते आणि एका ओकच्या पानावर रक्त, अंगठ्याच्या नखाएवढं, ओलं. समोरून वेंडल येताना दिसला. त्याला पोचायला अजून मिनिटभर होतं. मी बुटाच्या टोकानं ते पान पालथं केलं, आणि केसांवर चार पानं सारली.

"लागली?" त्यानं विचारलं.

"नाही. हुकली. झाडाच्या वर गेली."

त्यानं माझ्याकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. "नक्की?"

"नक्की."

त्यानं उताराकडे, आपल्या झाडाच्या दिशेनं, एकदा वळून बघितलं. मग म्हणाला, "जा तू. तुझे लोक वाट बघत असतील."

मी रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात दिलं आणि निघालो. दुकानाशी थांबलोही नाही. मोठ्या रस्त्याला लागलो तसा फोनला सिग्नल आला आणि मंदारचे सहा निरोप एकामागोमाग वाजले. "काका, कुठे आहात?" "काका, वडेवाला आलाय, बाहेर उभा आहे." शेवटचा नुसता, "काका, प्लीज." मी दोनला पाच कमी असताना दार उघडलं. टाळ्या झाल्या. कुणीतरी ओरडलं, "अध्यक्ष म्हणजे घड्याळ!" मी भाषण केलं; अंधारावर प्रकाशाचा विजय वगैरे. आंघोळ करूनही बोटांना बारुदीचा वास होता, निदान मला येत होता. मग माझ्यापुढे प्लेट आली. पांढरी, कागदी, तेवढ्याच आकाराची. तिच्यावर दोन बटाटेवडे आणि चटणी. मी ती तशीच खुर्चीखाली ठेवून दिली.

तो आठवडाभर मी वेंडलला फोन केला नाही. पुढच्या शनिवारी गेलो, आधी दुकानात, ब्रेड घेतो म्हणून. तिथे कळलं.

वेंडल शनिवारी दिवसभर शोधत होता. रविवारी शिकार बंद असते, तरी बंदूक न घेता शोधत होता. सोमवारी लोकांच्या कुंपणांशी जाऊन परवानगी मागत होता. "जखमी हरीण आहे, तुमच्या रानात आलंय का बघू द्या." कुणी विचारलं, तुझी गोळी का? तर म्हणाला, "माझं हरीण आहे." मंगळवारी खालच्या शेतातल्या माणसाला ओढ्याकाठी ते सापडलं. मागचा खुबा फुटलेला. जिवंत. त्यालाच ते संपवावं लागलं. खुब्यातून काढलेली गोळी त्यानं दुकानात आणून ठेवली होती. काउंटरवर, साखरेच्या पुड्यांशेजारी. चपटं तोंड हाडावर दबून फुललेलं, पण कडेच्या दोन खाचा स्पष्ट होत्या.

"वेंडलचीच," दुकानदार म्हणाला. "बाहत्तर वर्षांचा माणूस. कॉफीचा कप बघितलास त्याचा, कसा हलतो? रायफल असती तर ठीक. या वयात हँडगन म्हणजे..."

दुसरा म्हणाला, "तीन दिवस, बिचारं जनावर."

मग दुकानदार माझ्याकडे वळला. "तू होतास ना श्री त्या दिवशी? तू काही पाहिलंस?"

मी ती गोळी उचलली होती. तिच्यातलं कथील मी मोजलेलं होतं. माझा फोटो माझ्यामागे भिंतीवर होता.

"मी लवकर निघालो होतो," मी म्हणालो.

वाक्य खरं होतं. म्हणूनच ते पहिल्यापेक्षा वाईट.

नाताळच्या आधी पॅटी आणि तिचा नवरा येऊन दोन्ही रिव्हॉल्व्हर घेऊन गेले आणि शेडला कुलूप घातलं. वेंडलनं वाद घातला नाही, असं तिनंच मला सांगितलं, जरा अभिमानानं: "डॅडनी समजून घेतलं." पुढचे तीन नोव्हेंबर तो ओसरीवर बसून होता. मीही शिकार सोडली. कारण विचारलं तर गुडघा सांगायचो. मी जायचो, फराळाचा डबा न्यायचो, त्याच्या शेजारी बसायचो. डोंगरातून बारांचे आवाज येत. तो डोळे मिटून सांगायचा, "रायफल. रायफल. शॉटगन." त्याचा कप खरंच हलायचा. पण रिव्हॉल्व्हर हातात असताना त्याचे हात हलताना मी कधी पाहिलेले नाहीत, आणि हे सांगू शकणारा माणूस जगात एकटा मी होतो.

दर वेळी गाडीत ठरवायचो, आज सांगायचं. ओसरीच्या तीन पायऱ्या चढेपर्यंत ते विरघळायचं. मनात हिशेब एकच: तो जाऊन सगळ्यांना सांगेल असं नाही, पण ज्या माणसानं खांद्यावर हात ठेवून मला आत नेलं तो मला काय म्हणेल? हे मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे त्यानं काही म्हटलं असतं तर बरंच होतं.

दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात, चकली हातात धरून, समोर बघत, त्यानं विचारलं, "श्री, त्या दिवशी तुझ्या हॉलचं दार वेळेवर उघडलं ना?"

दोन वर्षांनी, काही संबंध नसताना. शेपटी खाली दाबून ते हरीण त्याच्याच समोरून गेलं होतं. त्याला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. आणि तो मला दार उघडून देत होता, तेव्हाही, आत्ताही. मी फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

"हो," मी म्हणालो. "वेळेवर उघडलं."

"मग बरं," तो म्हणाला, आणि चकली मोडली.

परत त्यानं कधी विचारलं नाही. या एप्रिलमध्ये झोपेतच गेला. दफनाच्या वेळी दुकानातले सगळे आले होते. कुणीतरी म्हणालं, मोठा शिकारी होता, ती शेवटची एक गोष्ट सोडली तर. माझ्यासमोरच म्हणालं.

गेल्या महिन्यात पॅटीचा फोन आला. घर आवरतेय, शेडमधलं काही आठवण म्हणून हवं असेल तर घेऊन जा. तिनं कुलूप उघडलं. चार वर्षांत पहिल्यांदाच. आत गार शिशाचा वास अजून होता. भिंतीवर आमच्या दोन प्लेटी. माझी, चाळीस, खाली माझी सही. त्याची, साठ, आणि खाली त्याच्या अक्षरात तारीख. त्या शनिवारच्या आधीच्या मंगळवारची. सहा भोकं, सहाही चहाच्या बशीखाली झाकली जातील एवढी जवळ.

पॅटी ती बघत उभी राहिली. "ही तारीख..." ती म्हणाली. "मग चार दिवसांत असं कसं झालं?"

मी तिला सांगितलं. सत्तर पावलं, पान, केस, 'हुकली', दुकान, गोळी. ओसरीवरचा प्रश्नही. अहवालासारखं सांगितलं, तसंच मला येतं.

ती रडली नाही. "दर नोव्हेंबरला तो रिव्हॉल्व्हर मागायचा माझ्याकडे," ती म्हणाली. "एकदाच दे, नुसती प्लेटीवर मारून बघतो, म्हणायचा. मी म्हणायचे, डॅड, तू एक जनावर तीन दिवस मरायला सोडलंस, विसरलास? दर वर्षी म्हटलं मी हे. आणि तो म्हणायचा, नाही, विसरलो नाही."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी माफी मागितलीही नाही. कुलूप परत लावताना एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? पंधरा तारखेला हंगाम उघडतोय. पहाटे साडेपाचला सगळे दुकानात कॉफीला असतात. तिथे ये. मी असेन."

सुमनला मी काल सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही वडा खाल्ला नव्हता. मला वाटलं अ‍ॅसिडिटी." थोड्या वेळानं उठली आणि चकलीचा डबा भरायला घेतला. कुणासाठी, मी विचारलं. "त्या मुलीला द्या," ती म्हणाली.

दोन्ही प्लेटी मी आणल्या आहेत. आत्ता टेबलावर आहेत, डब्याशेजारी. दुकानात माझा फोटो अजून भिंतीवर असेल तर तो काढून तिथे या दोन लावा म्हणणार आहे. लावतील की नाही ते त्यांनी ठरवायचं. ते हसतील, किंवा गप्प होतील, सात वर्षांपूर्वी झाले होते तसे. या वेळी खांद्यावर हात ठेवायला कुणी नसेल.

उद्या दुपारी मंडळाची दिवाळी आहे. यंदा मी पुन्हा अध्यक्ष आहे. शाळेची किल्ली बुधवारीच मंदारच्या हातात देऊन आलो. तो म्हणाला, "अरे वा काका! पण दार तर तुम्हीच उघडणार ना? किती वाजता पोचताय?"

मी सांगितलं, माझी वाट बघू नका.